सांगितली होती एक ओळ

माझ्या बायकोची दोन नावं आहेत. ती दोन्ही मी इथं लिहिणार नाही. कागदावर जरुरीपेक्षा जास्त लिहिण्याच्या माझ्या सवयीमुळे तिचं एकदा नुकसान झालं आहे, आणि हे लिहितानाही मला तीच भीती वाटते.

पहिलं नाव तिच्या आईबापांनी ठेवलेलं. दुसरं मी ठेवलं. लग्नाच्या दिवशी, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, पितळेच्या ताटात तांदूळ पसरले आणि माझ्या हातात अंगठी दिली. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो, आमच्या घराण्यात पहिलाच. तांदळावर अक्षर वळणदार यावं, एवढीच मला काळजी होती. नाव मावशीनं सुचवलं होतं. जिचं नाव बदलणार होतं तिला कोणी विचारलं नाही, मीही नाही. अक्षर चांगलं आलं. सगळ्यांनी वाखाणलं.

आम्ही दोघंही भंडारा जिल्ह्यातले, गोंदियाकडचे. तिचं गाव आमच्या गावापासून पाच कोसांवर. माझा बाप, ज्याला मी बा म्हणतो, पोलादाच्या कारखान्याचे पाये खणायला सुरुवात झाली तेव्हाच भिलाईला आला आणि खलाशी झाला. खलाशी म्हणजे दर्यावरचा नव्हे. इथं अवजड गर्डर दोरखंडांनी आणि कप्प्यांनी वर चढवणाऱ्या टोळीला खलाशी म्हणतात. मी नंतर आलो, कॉलेजसाठी. शेजारच्या दुर्गला कॉलेज आहे आणि भिलाईतच खुर्सीपारला बाची झोपडी होती, म्हणून ते जमलं. लग्नानंतर वर्षभरानं बायकोही आली.

ती माझ्यापेक्षा आधी कामाला लागलेली बाई. सातवी फायनल झाल्यावर तिनं मास्तरणीचं ट्रेनिंग घेतलं होतं आणि लग्नापर्यंत गावच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवली होती. लग्न झालं आणि ती नोकरी सुटली. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट तिनं चोळीच्या खणात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं. त्यावर गोल शिक्का होता, मध्यप्रदेश शासनाचा. ते मिळालं त्या सालापर्यंत आमचा भंडारा मध्यप्रदेशातच होता. पुढे काही महिन्यांत तो मुंबई राज्यात गेला आणि नंतर महाराष्ट्रात. भिलाई मध्यप्रदेशातच राहिली. पाच तासांचा रेल्वेचा रस्ता. दरेकशाचा बोगदा ओलांडला की थोड्याच वेळात दुसरं राज्य. आम्ही गेलो-आलो तेव्हा बोगद्यात कोणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे आम्ही परमुलखात आलो आहोत हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

त्या वर्षी बाच्या टोळीतली माणसं कमी व्हायला लागली. लोखंड लाटायची एक गिरणी उभी राहिली की दहा माणसं घरी. बा हसून म्हणायचा, "कारखाना पुरा झाला का आपुन अधुरे." हसायचा, पण रोज संध्याकाळी आल्याबरोबर कोणाकोणाला काढलं ते सांगायचा. बाचं नाव निघालं तर मला कॉलेज सोडावं लागणार, हे तिघांनाही माहीत होतं.

अशात कळलं की जवळच्या सेक्टरात प्राथमिक शाळा निघते आहे आणि तिथं मराठीचा वर्गही राहणार आहे. ही बातमी बायकोनंच आणली, नळावरून. बादली खाली ठेवायच्या आधी तिनं सांगितलं.

"अजी, मास्तरीण पाह्यजे म्हणतेत. मराठीवाली."

"कोण म्हणते?"

"शेजारची मद्रासीण म्हणत होती. तिच्या मालकानं बोर्ड वाचला." मग बादली ठेवून म्हणाली, "मी तं आहोच ना मराठीवाली."

तिला इतकी खूश मी आधी पाहिलं नव्हतं. लग्नातही नाही. त्या दिवसापासून ती झोपडीच्या पत्र्याच्या दारावर खडूनं मुळाक्षरं काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. हात वळणावर राहिला पाहिजे म्हणे. बा कामावरून आला की दारात थांबायचा. "जाऊ का आत, का आधी क ख ग म्हणू?" ती पदर सावरून म्हणायची, "म्हणा मामाजी. आलं तरच जेवाले भेटन." बा खरंच म्हणायचा. ग च्या पुढे त्याला येत नव्हतं.

शाळांच्या भरतीचं काम एका पत्र्याच्या शेडमधल्या ऑफिसात चालायचं. तिथले मोठे बाबू नागपूरचे, आपल्याच बोलीचे. मी अर्ज घेऊन गेलो. त्यांनी अर्ज आणि सर्टिफिकेट शेजारीशेजारी ठेवलं, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "का रे, ही एक बाई आहे का दोन?"

"एकच आहे साहेब."

"मंग सर्टिफिकेटवर एक नाव अन् अर्जावर दुसरं कसं? बापाचं जाऊन नवऱ्याचं आलं ते समजलं, लगन झालं. पण बाईचंच नाव बदललं?"

"आमच्याकडे तांदळात नाव लिहितात," मी म्हणालो.

"आमच्याकडे नाई लिहित का? मीबी लिहिलं होतं. पण माये तांदूळ ऑफिसात नाई आले." बाजूचा चपराशी हसला. मोठ्या बाबूंनी सर्टिफिकेट उजेडाकडे धरून शिक्का पाहिला. जरा जास्त वेळ पाहिला. "मध्यप्रदेश शासन," ते हळू वाचून म्हणाले. "बेस. हे पक्कं आहे. याच्यावर कोणी काही विचारणार नाई." मग माझ्याकडे वळले. "आता तू एक काम कर. हे दोन्ही नावं एकाच बाईचे आहेत असं लिहून तिची सही घेऊन ये. एक ओळ. कॉलेजात आहे ना तू? म्हणून सांगून राहिलो. फक्त एक ओळ."

मी हो म्हणालो. ते एक ओळ का म्हणाले, हे त्यांना उघड बोलता येत नव्हतं, आणि मला न बोललेलं कळत नव्हतं. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथं ठरलेल्या वर्षांचा रहिवास लागतो, तो दाखवल्याशिवाय कामाची मंजुरी नाही, हे मला नंतर समजलं. शिक्का जुना होता. त्या जुन्या शिक्क्याच्या आडोशानं ते आम्हाला आत घेत होते.

आता माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल. कॉलेजात सगळं हिंदीत. मी सुरुवातीला वर्गात तोंड उघडत नव्हतो. पण त्याच महिन्यात माझ्या निबंधावर हिंदीच्या प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की याच्या भाषेत विनय आहे. घरी येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत आलो होतो. माझ्या घराण्यात कोणी कधी अर्ज लिहिला नव्हता. बा अर्ज लिहून घ्यायला स्टेशनबाहेरच्या माणसाकडे जायचा आणि त्याच्यापुढे उकिडवा बसायचा. मला वाटलं, आपला अर्ज असा असावा की वाचणाऱ्यानं विचारावं, हा कोणी लिहिला?

कॉलेजच्या वाचनालयात बसून मी तो लिहिला. तीनदा कच्चा, एकदा पक्का. ‘सविनय निवेदन है’ पासून सुरुवात. लग्नात नाव बदलण्याची प्रथा काय आहे ते लिहिलं. अंगठी आणि तांदूळ लिहिले. वाचणाऱ्याच्या मनात कसलाही संशय राहू नये म्हणून तिच्या गावाचं नाव, तहसील, जिल्हा लिहिला. आणि जिल्हा लिहिल्यावर मला वाटलं की शिक्क्यावर मध्यप्रदेश आहे आणि जिल्हा तर आता मध्यप्रदेशात नाही. कोणाचा गैरसमज होऊ नये. म्हणून पुढे लिहिलं, ‘यह ग्राम पूर्व में मध्यप्रदेश में था, अब महाराष्ट्र में है।’ हे वाक्य मला फार आवडलं होतं. त्यात एक तोल आहे असं वाटलं होतं.

दीड पान झालं.

सहीसाठी बायकोला दिलं तेव्हा तिनं बोट ठेवत ठेवत पूर्ण वाचलं. ती हिंदी हळू वाचायची.

"एवढं कावून लिहिलं?"

"सगळं नीट समजावं म्हणून."

"एक ओळ सांगतली होती म्हणत होते ना तुमी?"

"अवं, यात खोटं काय आहे? सगळं खरंच आहे."

"खरं तं आहे," ती म्हणाली. "पण विचारलं कोणं?"

मी तिला समजावलं. काय समजावलं ते आठवतं, पण लिहायला लाज वाटते. साधारण असं की ऑफिसची कामं वेगळी असतात, तिथं भाषा लागते, तू गावच्या शाळेत होतीस. तिनं पेन घेतलं. दोन्ही नावांनी दोन सह्या केल्या. अक्षर माझ्याहून चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कागद द्यायला गेलो तर मोठे बाबू रजेवर. नागपूरला कोणाची तरी तेरवी होती. ते आल्यावर द्यावा, असं मनात आलं. पण उशीर नको म्हणून दुसऱ्या बाबूच्या हातात दिला. त्यानं न वाचता टाचणी लावून फायलीत घातला आणि फाईल वर पाठवली. मी सायकलवर बसून शीळ घालत घरी आलो.

दहाबारा दिवसांनी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. माझ्या तांदळातल्या नावानं, टाइप केलेलं. बानं ते पत्र टोळीत नेऊन दाखवलं आणि ग्रीसचा अंगठा लावून परत आणलं. ती चिडली. "मामाजी, हे काय केलं?" बा म्हणाला, "सही केली मी. मंजूर आहे." त्या संध्याकाळी झोपडीत जेवढं हसू झालं तेवढं पुन्हा झालं नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी शाळेच्या नव्या इमारतीबाहेर उभा होतो. भिंतींना अजून गिलावा नव्हता. आतून तिचा आवाज येत होता. तिला प्रत्यक्ष धडा घ्यायला लावला होता, वस्तीतली दहाबारा पोरं बसवून. विषय नदी.

"नदी कोठून येते?" तिनं विचारलं.

"नळातून!" एक पोरगी ओरडली.

आतले मोठे लोक हसले. ती हसली नाही. "नळाच्या आधी कुठं असते?" तिनं विचारलं. मग टाकी, मग पाइप, मग कालवा असं करत तिनं पोरांना मागे मागे नेलं, आणि पोरं डोंगरापर्यंत गेली. मी बाहेर विटांच्या चळतीला टेकून ऐकत होतो. मला माझे कॉलेजातले धडे आठवले. आम्हाला असं कोणी कधी मागे नेलं नव्हतं. माझी बायको काय आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ती जे आहे ते तिला होता येणार नाही याची व्यवस्था मी आधीच करून ठेवली होती.

मुख्याध्यापिका दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात कागद येईल. वर्ग तुमचाच समजा."

पुढच्या आठवड्यात कागद आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात गेलो. मोठे बाबू रजेवरून आले होते. मला पाहून त्यांनी बस म्हटलं नाही. फाईल उघडली, माझं दीड पान वर काढलं. ‘अब महाराष्ट्र में है’ याच्याखाली लाल रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, ‘आवेदिका अन्य राज्य की निवासी। अपात्र।’

"हे कोणं लिहिलं?"

"मी."

"किती ओळी सांगतल्या होत्या?"

मी त्या लाल रेघेकडे बघत राहिलो.

"अरे बाबा, किती?"

"एक."

"अन् किती लिहिल्या?" ते ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वरच्या साहेबाले भंडारा कुठं आहे हे माहीत नव्हतं. तो उत्तरेकडचा माणूस. त्यानं शिक्का पाहिला असता अन् सही केली असती. तू त्याले भूगोल शिकवला. सुंदर शिकवला. तो म्हणे, पत्र फार चांगलं लिहिलं आहे."

मी विचारलं, "हा कागद परत घेता येईल का?"

"आत गेलेला कागद बाहेर येत नाई."

"दुसरा अर्ज केला तर?"

"रहिवासाचे वर्षं भरू दे, मंग कर." मग त्यांनी तिच्या जन्माची तारीख पाहिली, बोटांवर मोजलं आणि बोटं मिटली. "नाई. तोपर्यंत वयाची अट निघून जाते."

"माझ्या रहिवासावर नाही चालणार?"

"तुयाच कुठं भरला आहे? तू तं तिच्याहून थोडासाच आधी आला." मग जरा थांबून म्हणाले, "भंडाऱ्याला पाठव तिले. तिथं अजूनही मास्तरणी पाहिजेत."

ते मी घरी सांगितलं. बायको म्हणाली की माहेरी पत्र टाका. टाकलं. तिच्या भावाचं उत्तर आलं की इथं विचारलं, इथले म्हणतात लग्न झालेल्या बाईचा रहिवास नवऱ्याचा, आणि नवरा तर मध्यप्रदेशात राहतो. पत्र तिनं वाचलं, मला दिलं आणि चूल फुंकायला लागली. ओल्या लाकडाचा धूर होता. मी म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "भाकर पलटवा, जळून राहिली."

तिनं मला एकदाही बोल लावला नाही. लोक म्हणतील की हा तिचा मोठेपणा. मला तसं वाटत नाही. तिला माझ्याशी त्या विषयावर बोलायचंच नव्हतं. दारावरची अक्षरं काही दिवस तशीच राहिली. नंतर ती पुसलेलीही नाहीत, दार उघडता-लावता आपोआप गेली. बा दारात थांबून काही म्हणत नव्हता. वाकून सरळ आत यायचा.

बाजारात एकदा आमच्या पुढे दोन रशियन बाया भाजी घेत होत्या, कारखाना उभारायला आलेल्या इंजिनिअरांच्या घरच्या. एक बोटांनी भाव करत होती. बायको त्यांच्याकडे बघत म्हणाली, "यायचं गाव कितीक दूर असन?"

"फार दूर. पंधरा-वीस दिवस लागतात म्हणे जहाजानं."

"अन् माह्यं पाच तासाचं," ती म्हणाली. बाकी काही नाही. वांगी घेतली आणि निघालो.

उन्हाळ्याच्या आधी बाचं नाव निघालं. संध्याकाळी आल्यावर त्यानं त्या दिवशी काढलेल्यांची नावं नेहमीप्रमाणे सांगितली आणि शेवटी स्वतःचं सांगितलं. आम्हाला वाटलं थट्टा करतो आहे. मी म्हणालो, मी कॉलेज सोडतो. हे मी मनापासून म्हणालो, थोडं तिच्यासाठीही म्हणालो, म्हणजे फेड होईल म्हणून. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मले नोकरी नाई करू देल्ली, आता तुमी कॉलेजबी नोका करू? दोघंबी अडाणी होऊन बसू?" तेवढंच. पण त्यात ‘नाई करू देल्ली’ होतं, आणि ते मी ऐकलं.

दोन दिवसांनी ती रेजांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. रेजा म्हणजे बांधकामावर विटा-गारा वाहणाऱ्या बाया. सिमेंटच्या गाड्या यायच्या, क्वार्टरांच्या रांगा उठत होत्या, रेजा रोज लागायच्या. मी सोबत गेलो होतो. नको म्हणाली तरी गेलो. ठेकेदाराचा मुनशी खाटेवर बसून हजेरी लिहीत होता. त्यानं गाव विचारलं नाही. राज्य विचारलं नाही. वय विचारलं नाही, शिक्षण तर नाहीच. दंड पाहिले आणि म्हणाला, "नाम?"

तिनं तिचं माहेरचं नाव सांगितलं. सर्टिफिकेटवरचं. किती दिवसांनी मी ते तिच्या तोंडून ऐकलं.

मुनशीनं शाईची गादी पुढे केली. तिच्या पुढच्या बाईनं लावला तसा तिनंही अंगठा लावला आणि पदराला पुसला.

मी तिला बाजूला घेतलं. "तुला सही येते. अंगठा कावून लावला?"

"कोणत्या नावाची करू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत असावी, असं मला वाटलं. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि गेली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी शेवटच्या वर्षाला आहे. बा झोपडीबाहेर बसून दोरखंडाच्या गाठी सोडवतो आणि पुन्हा मारतो, हाताला सवय राहावी म्हणून, जसा तिचा खडू होता. शाळा सुरू झाली. मराठीच्या वर्गाला बाई मिळाली नाही म्हणून तो वर्ग हिंदीत मिसळला. आमच्या शेजारची पोरं तिथं जातात आणि घरी येऊन आईशी हिंदीत बोलतात.

मध्यंतरी वस्तीतल्या एकाला रेशन कार्डासाठी अर्ज हवा होता. आता लोक स्टेशनबाहेरच्या माणसाकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात. मी लिहायला बसलो. ती कामावरून आली होती, कोपऱ्यात बसून बोटांना खोबरेल लावत होती. चुन्यानं बोटांची टोकं फाटतात. मी ‘सविनय’ लिहिलं आणि थांबलो. तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती.

मी ‘सविनय’ खोडलं. त्या माणसाचं नाव, झोपडीचा नंबर आणि काय हवं ते लिहिलं. एका ओळीत मावलं.